गाडीचं गोत्र

"यजमानांचं गोत्र?" गुरुजींनी विचारलं.

"भारद्वाज."

"आणि वाहन आपल्याच नावावर आहे ना?"

२०२२ चा दसरा होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. चारही चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. शेजारी बायको तबक धरून आणि मुलगा मोबाइल धरून उभा होता. अशा वेळी खोटं बोलवत नाही. मी म्हणालो, "नाही. वाहन गुरुग्रामच्या एका कंपनीच्या नावावर आहे. त्यांनी ते माझ्या ऑफिसला भाड्यानं दिलंय आणि ऑफिसनं ते मला वापरायला दिलंय."

गुरुजींच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. "मग संकल्प कोणी सोडायचा?"

प्रश्न बिनतोड होता. मालकाच्या नावानं सोडावा तर मालक प्रायव्हेट लिमिटेड. ऑफिसच्या नावानं सोडावा तर ऑफिस अमेरिकन. गुरुजींना पुढची पूजा वारज्याला गाठायची होती, त्यामुळे त्यांनी फार ताणलं नाही. "गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, अशी सोय आहे शास्त्रात," ते म्हणाले आणि त्यांनी उदक सोडायला लावलं. गुरुग्रामची ती कंपनी त्या दिवसापासून काश्यपगोत्री आहे. मी तिला अजून कळवलेलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ऑगस्टमध्ये आलेली एचआरची एक मेल होती. कंपनी कार लीज योजना सुरू करत आहे, इच्छुकांनी माहिती घ्यावी, आणि खाली ठळक अक्षरांत, 'कर वाचतो'. मराठी मध्यमवर्गीय माणसाला या दोन शब्दांनी कुठेही नेता येतं. 'कर वाचतो' म्हणून मी मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्या विमा पॉलिसी घेतल्या आहेत, त्यांचे पैसे परत मिळण्याच्या तारखा पाहिल्या की मी एकशे चार वर्षं जगणं अपेक्षित आहे असं दिसतं. तेव्हा गाडी म्हणजे काहीच नाही.

तरी मी आमच्या सीएकाकांकडे गेलो. काका सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर बसतात, दहा ते एक. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर हिशेब मांडतात. मेल वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कंपनी तुला गाडी देते आहे."

"देत कुठे आहे? भाडं माझ्याच पगारातून जाणार आहे."

"तेच तर! भाडं गेलं म्हणजे तुझा पगार तेवढा कमी झाला. जो पगार मिळालाच नाही त्यावर कर कसा लागेल? पण सरकार काय खुळं आहे? ते म्हणतं, पगार कमी झाला हे ठीक, पण तुला गाडीचं सुख मिळतंय ना? मग त्या सुखाची किंमत तुझ्या उत्पन्नात धर आणि तिच्यावर कर भर. याला म्हणतात पर्क्विझिट."

"आणि त्या सुखाची किंमत कोण ठरवणार?"

"नियम ठरवतो. आयकर नियम १९६२, त्यातला तिसरा नियम. अठराशे रुपये."

"रोजचे?"

"महिन्याचे."

मी खुर्चीत नीट सावरून बसलो. चौदा लाखांची गाडी, तिचा विमा, तिचं सर्व्हिसिंग, तिचं पेट्रोल, या सगळ्याचं मिळून सुख महिना अठराशे. म्हणजे रोजचे साठ रुपये. पुण्यात तेव्हा रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे साठ रुपयांत साडेतीन किलोमीटर होतात आणि एक रुपया उरतो, तोही रिक्षावाला सुटे नाहीत म्हणून परत देत नाही. कोथरूडहून निघालो तर डेक्कनच्या अलीकडे कुठेतरी उतरवतील. आणि आयकर खातं म्हणतं, एवढ्यात दिवसभर वातानुकूलित गाडीत फिर.

"पण इंजिन सोळाशे सीसीच्या आतलं बघ," काका म्हणाले. "१.६ लिटरपर्यंत अठराशे, त्याच्या वर गेलं की चोवीसशे."

सोळाशे सीसी हे प्रकरण घरी समजावताना मला फ्रिज उघडावा लागला. दुधाची एक लिटरची पिशवी, एक अर्ध्या लिटरची, आणि वर पाहुण्याच्या चहापुरतं शंभर मिली. एवढं दूध ज्या इंजिनाच्या पोटात मावतं ते साधं, त्याहून थेंबभर जास्त मावलं की श्रीमंत. गाडी दहा लाखांची आहे की चाळीस लाखांची, सीटला कातडं आहे की कापड, छपराला काचेची खिडकी आहे की नाही, यातलं काहीही आयकर खातं विचारत नाही. ते फक्त पोटाचा घेर मोजतं. माझ्या डॉक्टरांचीही हीच पद्धत आहे.

मी १४९७ सीसीची गाडी निवडली. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या सहकाऱ्यानं मात्र इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि काकांना पेचात टाकलं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही तर सीसी कुठून आणायचे? नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बॅटरीवर चालणारी एकच गाडी असावी, आणि ती लहान मुलांची. काका बराच वेळ नियम वाचत होते. मग म्हणाले, "ज्याला पोटच नाही त्याची ढेरी काय मोजायची? अठराशेत घाल." बऱ्याच कंपन्यांचे पगार विभागही असंच करत होते असं दिसलं.

पुढचं कलम ड्रायव्हरचं. कंपनीनं ड्रायव्हर दिला तर महिना आणखी नऊशे रुपये मिळवायचे. पुण्यात नऊशे रुपयांत ड्रायव्हर महिनाभर सोडा, दिवसभर तरी मिळेल का, याबद्दल शंका आहे. मी हे कौतुकानं घरी सांगितलं. चूक झाली. बायकोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी मुलाला क्लासला सोडते, रविवारी तुझ्या आईला देवळात नेते, रात्री पार्टीहून तुला घेऊन येते. माझे नऊशे कुणाकडे मागायचे?" तिला सांगितलं की ते नऊशे द्यायचे नसतात, ते आपल्या उत्पन्नात धरायचे असतात. ती म्हणाली, तेही चालेल, माझ्या उत्पन्नात धरा.

काकांनी मला आणखी एक वाट दाखवली होती, पण ती मला झेपण्यासारखी नव्हती. पेट्रोल आणि देखभाल आपल्या खिशातून केली तर अठराशेच्या जागी सहाशेच धरले जायचे. आणि गाडी निव्वळ कार्यालयीन कामासाठी वापरली तर शून्य! शून्य हा आकडा ऐकून मी पुढे सरकलो.

"त्याला काय लागतं?"

"वही. प्रत्येक फेरीची तारीख, कुठे गेलास, किती किलोमीटर, किती खर्च. आणि कंपनीचा दाखला, की हा सगळा प्रवास कामासाठीच होता."

"गणपती आणायला शनिपारला गेलो, तर त्याला क्लायंट व्हिजिट म्हणता येईल का?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर आणला. गेली चाळीस वर्षं हा माणूस इतरांचा खोटेपणा वाचून वाचून थकला आहे. ते एवढंच म्हणाले, "देवाला क्लायंट केलंस तर बिलिंग कुणाला करशील?" वहीचा विषय तिथेच संपला. त्यात गंमत अशी की याच्या अगदी उलट टोकाला, गाडी फक्त खासगी कामासाठी असेल तर अठराशेची दया नव्हती. मग प्रत्यक्ष खर्च सगळा धरतात, वर भाड्याची गाडी असेल तर भाडं धरतात. म्हणजे कायद्याला पूर्ण सज्जन चालतो, पूर्ण चैनी चालतो, पण लाड तो करतो अर्ध्यामुर्ध्या माणसाचे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी आणि शनिवार-रविवार सिंहगड. नेमका मी.

"आमच्या वेळी," काकांनी सुरू केलं. सीएच्या तोंडी 'आमच्या वेळी' हे शब्द आले की पूर्वीचे दर येतात. "२००१ साली हेच बाराशे होते. मग २००५ मध्ये फ्रिंज बेनिफिट टॅक्स आला, सुख नोकरानं घ्यायचं आणि कर मालकानं भरायचा. मालक ओरडले. २००९ मध्ये तो गेला, पुन्हा नोकराच्या मानेवर आला, तेव्हा बाराशेचे अठराशे झाले. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही." ते थोडं थांबले. "लावू नये. तू कुणापुढे बोलू नकोस."

तरी मी तुमच्यापुढे बोलतो आहे, कारण आकडे मांडल्याशिवाय मला राहवत नाही. गाडीचं महिन्याचं भाडं ३६,००० रुपये, त्यात विमा आणि सर्व्हिसिंग आलं. पेट्रोलचे ९,०००. झाले महिन्याचे ४५,०००, वर्षाचे ५,४०,०००. एवढे पगारातून बाहेर गेले. त्या बदल्यात उत्पन्नात परत आले अठराशे गुणिले बारा, म्हणजे २१,६००. फरक ५,१८,४००. माझा वरचा टप्पा तीस टक्क्यांचा, त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. वाचला कर वर्षाला १,६१,७४० रुपये, आणि वर ऐंशी पैसे. ते ऐंशी पैसे मी कॅलेंडरच्या पानावर अधोरेखित केले होते.

या आकड्याच्या जोरावर मी तीन आठवडे वाटेल त्याला भेटून लीजचा प्रचार केला. बिल्डिंगच्या वॉचमनलाही सांगितलं. बरं, हे नवीन करप्रणालीतही चालतं. २०२३ पासून नवीन प्रणालीच आपोआप लागू होते आणि तिनं घरभाड्याची सवलत काढून घेतली, ८० सी काढून घेतलं, पण गाडीला धक्का लावला नाही. कारण ही सवलतच नाही. हे नुसतं मोजमाप आहे. सरकारनं आमच्या कपाटातलं सगळं उचलून नेलं, फक्त वजनकाटा विसरलं.

मग एका रविवारी काकांनी मला परत बोलावलं आणि त्याच पानाची दुसरी बाजू दाखवली. पाठकोरं पान होतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूला एप्रिल महिना होता आणि त्या चौकटींतून काकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं.

पहिलं, जीएसटी. गाडीच्या भाड्यावर तेव्हा गाडीइतकाच, अठ्ठावीस टक्के, वर सेस. दर महिन्याला. ऑफिसला त्याचं क्रेडिट मिळत नाही, कारण अशा गाड्यांवरचं क्रेडिट कायद्यानं अडवलेलं आहे. म्हणून तो आपसूक माझ्याकडे सरकतो. दुसरं, भाड्यात लपलेलं व्याज. ते कोणी सांगत नाही, विचारलं तर 'आयआरआर' म्हणतात आणि चहा मागवतात. तिसरं, अठ्ठेचाळीस महिने भाडं भरून शेवटी गाडी हवी असेल तर तिची उरलेली किंमत द्यायची, म्हणजे ज्या गाडीचे पैसे चार वर्षं भरले ती पुन्हा विकत घ्यायची. आणि चौथं, काका म्हणाले, हे आपल्या महाराष्ट्राचं सुख. पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर दहा ते वीस लाखांच्या गाडीला आरटीओचा कर बारा टक्के. कंपनीच्या नावावर घेतली की वीस.

चौदा लाखांवर बारा टक्के म्हणजे १,६८,०००. वीस टक्के म्हणजे २,८०,०००. फरक एक लाख बारा हजार. पहिल्या वर्षी जो कर मी दिल्लीत वाचवला होता त्यातला बराचसा पुण्यातच भरला होता, आणि तोही भाड्यात मुरवून, दुखू नये अशा बेतानं. माझा चेहरा पाहून काका म्हणाले, "तरी थोडं सुटतं रे. अगदीच तोट्यात नाहीस." ज्या सुरात डॉक्टर 'काळजीचं कारण नाही' म्हणतात त्या सुरात.

सांगलीहून सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, गाडी घेतली म्हणे!"

"हो, लीजवर."

"म्हणजे भाड्याची?"

"तसं नाही, कंपनीची आहे."

"म्हणजे कंपनीनं दिली?"

"नाही, पैसे मीच देतो."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. सासरे जिल्हा परिषदेत हिशेब खात्यात होते. शेवटी ते मायेनं म्हणाले, "काही अडचण असेल तर सांगत जा हो."

पैशांचं असं आहे, ते एकदा भरले की विसरता येतात. पण मालकी हा विषय रोज नव्यानं निघतो. पहिल्याच मे महिन्यात गोव्याला निघालो. पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसानं आरसी मागितली, ती उलटसुलट पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मागे बसलेल्या माझ्या आईकडे पाहिलं. "गाडी कुणाची?" हा साधा प्रश्न. मी ऑफिसचं ओळखपत्र काढलं, ऑफिसनं दिलेलं पत्र काढलं, लीज कंपनीनं ऑफिसला दिलेलं पत्र काढलं. कागदांची ती वंशावळ पाहून पोलीस म्हणाला, "म्हणजे तुम्ही ड्रायव्हर." मी हो म्हणालो. आई पुढचे दोन तास काही बोलली नाही. सावंतवाडी मागे पडल्यापासून तिला भूकही लागली होती म्हणा.

बंपर घासला तेव्हाही तेच. चूक माझीच होती, खांब जुनाच होता. पण विम्याच्या दाव्यावर मालकाची सही लागते आणि मालक गुरुग्रामला. सही येईपर्यंत एकवीस दिवस गाडी एका बाजूनं लाजत फिरत होती.

सर्वांत वाईट म्हणजे ई-चलन. स्वतःच्या गाडीचं चलन स्वतःच्या मोबाइलवर येतं, माणूस गुपचूप भरून टाकतो, घरी कळतही नाही. लीजच्या गाडीचं चलन मालकाला जातं. मालक ते आपलं प्रोसेसिंगचं शुल्क लावून ऑफिसला पाठवतो. ऑफिस एचआरला देतं. एचआर मला पाठवतं आणि माझ्या मॅनेजरला सीसीमध्ये ठेवतं. या सीसीला सोळाशेची मर्यादा नाही. तर एका गुरुवारी, पोटदुखीमुळे मी आजारपणाची रजा घेतली होती त्या गुरुवारी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर आमच्या गाडीनं वेगमर्यादा ओलांडली. चलनावर तारीख होती, वेळ होती, आणि कॅमेरा इतका उत्तम प्रतीचा होता की पुढच्या सीटवर मी चिक्की खाताना दिसत होतो. मॅनेजरनं मेलला उत्तर दिलं. एकच ओळ होती, 'आता पोट कसं आहे?'

मग २०२४-२५ चा फॉर्म १६ आला. सोबत फॉर्म १२ बीए होता, मिळालेल्या सुखांची यादी. पुष्कळ रकाने होते. फुकट घर, नोकर, माळी, सवलतीत शिक्षण, क्लब, प्रवास. माझ्या सगळ्या रकान्यांत शून्य आणि मोटारीपुढे २१,६००. आयुष्यातली सुखं कोणीतरी छापील कागदावर मोजून दिली की बरं वाटतं. मी तो कागद बायकोला दाखवला. तिनं विचारलं, यात एचआरच्या मेल धरल्या आहेत का?

काकांनाही दाखवला. २०२५ च्या फेब्रुवारीत लोकसभेत नवीन आयकर विधेयक मांडलं गेलं होतं, तेव्हा अठराशेचं काय होणार असं मी विचारलं. ते म्हणाले, कायदा आधी येतो, नियम मागाहून येतात, आणि आकडे नियमांत असतात. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी सांगितलं होतं, कुणापुढे बोलू नकोस."

जाता जाता मी सहज विचारलं की मध्येच नोकरी सोडली तर गाडीचं काय. त्यांनी करार मागून घेतला, सोळावं पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. नोकरी सोडायची असेल तर नव्या ऑफिसनं लीज अंगावर घेतली पाहिजे, नाहीतर उरलेली रक्कम फोरक्लोजरच्या दंडासह मी एकरकमी भरायची. सही माझीच आहे, दसऱ्याच्या आठवडाभर आधीची.

तेव्हा अठ्ठेचाळीसपैकी बत्तीस हप्ते झाले होते. सोळा राहिले होते. ते फिटेपर्यंत मॅनेजरचा प्रत्येक विनोद मला आवडणार होता.